राजांच्या दरीमागचं गाव

इजिप्तचा नकाशा टेबलावर पसरला की आधी दिशांची सवय मोडावी लागते. नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते, म्हणून त्या देशाचा वरचा भाग नकाशात खाली येतो. नदीच्या दोन्ही काठांना शेतीची अरुंद हिरवी पट्टी आणि तिच्या पलीकडे थेट वाळवंट. लक्सॉरपाशी पूर्वेच्या काठावर मोठी देवळं आणि शहर. पश्चिमेला, जिथे सूर्य मावळतो, तिथे थडगी. या एका निळ्या रेघेवर बोट फिरवत मी आणि ताई येत्या हिवाळ्याची सहल आखतो आहोत. उन्हाळ्यात लक्सॉरचा पारा चाळिशी सहज ओलांडतो, त्यामुळे महिन्यांबद्दल वाद नाही. वाद आहे तो काय गाळायचं याचा.

सहलींची पत्रकं चाळली तर काही गाळावंच लागत नाही. गिझा, संग्रहालय, लक्सॉर, नाईलवरची क्रूझ, अस्वान, अबू सिंबेल, आठवडाभरात सारं. पण त्या ‘साऱ्या’त केवढा काळ कोंबलेला असतो! खुफूचा पिरॅमिड साडेचार हजार वर्षांपूर्वीचा, मुळात सुमारे 146 मीटर उंच, अंदाजे 23 लाख दगडांचा. तुतानखामेन त्याच्यानंतर सुमारे 1,200 वर्षांनी गादीवर बसला. वेरूळचं कैलास लेणं आपल्याहून जितकं जुनं, जवळपास तितकाच तो पिरॅमिड तुतानखामेनला जुना होता. एवढं अंतर एका दुपारच्या विमानप्रवासात पार करायचं आणि संध्याकाळी फोटो बघायचे, हे मला पटत नाही.

म्हणून अबू सिंबेल गाळलं. अस्वानच्या धरणाचं पाणी चढू लागलं तेव्हा तिथली दोन देवळं कापून, तुकड्यातुकड्यांनी सुमारे 65 मीटर वर नेली. 1968 साली ते काम पुरं झालं. ताई फार हळहळली. “अगं, एवढ्या लांब जाऊन ते नाही बघायचं?” मलाही वाईट वाटलं. पण त्यासाठी लक्सॉरचा वेळ कापावा लागत होता, आणि लक्सॉरमध्ये मला एक गाव नीट बघायचं आहे.

दीर अल-मदीना. राजांच्या दरीतली थडगी ज्यांनी खोदली, गिलावा दिला, रंगवली, त्या कारागिरांचं हे गाव, सुमारे साडेचारशे वर्षं नांदलेलं. तटाच्या आत साठ-सत्तर घरं, एकाला एक चिकटलेली, मधून अरुंद बोळ. आज उरलीत ती गुडघा-कंबरेएवढी जोती आणि भिंती. गावात विहीर नव्हती. पाणी गाढवांवरून यायचं. कामाची पाळी दहा दिवसांची, तिच्या अखेरीस सुट्टी. मधल्या रात्री माणसं डोंगरावरच्या दगडी झोपड्यांत काढत आणि सुट्टीला खाली घरी उतरत.

आणि हे लोक लिहिणारे होते. चुनखडीच्या कपच्यांवर, फुटक्या खापरांवर त्यांनी उधारी, भांडणं, निरोप, हिशेब लिहून ठेवले. रामसेस दुसरा या राजाच्या कारकिर्दीच्या 40व्या वर्षातली एक मोठी कपची लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावर खाड्यांची नोंद आहे: कोण कोणत्या दिवशी आला नाही आणि का. एकाला विंचू चावला. एकाचे डोळे दुखत होते. कुणी बिअर करायला घरी थांबला. कुणी आपल्या आईचं प्रेत कापडात गुंडाळत होता. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या लेखनिकाला ही कारणं टिपून ठेवावीशी वाटली, म्हणून कर्नाकच्या देवळातले 134 खांब एका तासात बघून घ्यायला मी तयार आहे, पण या बोळातून घाईनं जायला तयार नाही.

मजुरी धान्यात मिळायची. रामसेस तिसरा याच्या कारकिर्दीच्या 29व्या वर्षी ती थकली, तेव्हा कारागिरांनी हत्यारं खाली ठेवली, तटाबाहेर पडले आणि राजांच्या देवळांपाशी जाऊन बसले. लेखी नोंद असलेला जगातला सर्वांत जुना संप तो हाच. ज्या पपायरसवर त्याची हकिगत आहे तो इटलीत, तुरीनच्या संग्रहालयात आहे. याच गावच्या खा नावाच्या मुकादमाचं न लुटलेलं थडगं 1906 साली सापडलं. त्यातल्या भाकऱ्या, पलंग, लिननची वस्त्रंही तुरीनलाच. इजिप्तची आखणी करताना, इथलं बरंच काही परदेशात आहे ही रुखरुख सोबत घ्यावीच लागते.

जे हलवता आलं नाही ते मात्र जागेवर आहे. सेननेजेम या कारागिराच्या थडग्याची खोली लहानशी, छत कमानीचं, भिंती हळदीसारख्या पिवळ्या. भिंतीवर तो बैलजोडीमागे नांगर धरून चालला आहे; अंगात पांढरं तलम वस्त्र, आणि मागून त्याची बायको टोपलीतलं बी टाकत येते आहे. राजांसाठी या हातांनी पाताळाची दारं, नाग आणि रात्रीच्या प्रवासाला निघालेला सूर्य रंगवला. स्वतःच्या थडग्यांत देव आहेतच, पण पेरणीही आहे. जवळच्याच पाशेदूच्या थडग्यात तर एक माणूस ताडाच्या झाडाखाली जमिनीवर ओणवा होऊन पाणी पितो आहे. तो पाशेदूच. विहीर नसलेल्या गावातल्या माणसानं अनंतकाळासाठी ओंजळभर पाणी रंगवून ठेवलं, यापुढे तुतानखामेनचं सोनं मला फिकं वाटतं.

तेव्हा आमचा बेत असा: पहाटे नाव करून पश्चिम तीरावर जायचं. दरीच्या साध्या तिकिटात तीन थडगी बघता येतात, तेवढी पुरेत. मग शक्य झालं तर बसनं वळसा घालण्याऐवजी डोंगरावरच्या त्या पायवाटेनं, जिच्यावरून कारागीर कामाला जात-येत, गावात उतरायचं. ताईचे गुडघे दुखतात, पण आता तिलाच ती वाट चालायची आहे.

तुमचं इजिप्तचं ठरत असेल तर सहलवाल्यांना आधीच विचारा, दीर अल-मदीना यादीत आहे का. बहुधा नसतं. आग्रह धरा आणि एक सबंध सकाळ त्या गावाला द्या.