चिठ्ठीविना संत्रा बर्फी

लहानपणी एकदा आजीनं मला सीताबर्डीला पिटाळलं. "संत्रा बर्फी घेऊन ये." मी डझनभर संत्री आणि पाव किलो साधी बर्फी घेऊन आलो! आजी म्हणाली, "काऊन रे, दोन जिनसा आणल्या?" घरभर हसू झालं.

पुढं तीच चूक माझ्या कॉम्प्युटरनं केली. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

झालं असं. 'फुटाळा' या फोल्डरमध्ये आजीसोबत फुटाळा तलावावर काढलेले फोटो होते. 'फुटाळा जुने' या दुसऱ्या फोल्डरमध्ये हललेले, नको असलेले फोटो. नको ते फोल्डर पुसायला मी पायथन भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला. तो स्वतः पुसत नव्हता. 'आरएम' या पुसायच्या आज्ञेपुढं फोल्डरचं नाव जोडून सगळी ओळ लिनक्सच्या 'शेल'कडे देत होता. शेल म्हणजे आपला हुकूम वाचून कॉम्प्युटरकडून काम करून घेणारा मधला माणूस, बरं का! मोकळी जागा दिसली की तो शब्द तोडतो. त्यानं वाचलं : 'फुटाळा' पूस, 'जुने' पूस. 'जुने' नावाचं काही नव्हतंच. 'फुटाळा' मात्र गेला! 'खरंच पुसू का?' असंही त्यानं विचारलं नाही. आजी तोवर राहिली नव्हती, आणि त्या फोटोंची दुसरी प्रतही नव्हती.

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळतो.

पहिली, शेलकडे लांबलचक ओळ देत नाही. पायथनमध्ये २००४ पासून 'सबप्रोसेस' नावाची सोय आहे. तिला डब्याच्या खणांसारखी यादी द्यायची : एका खणात आज्ञा, दुसऱ्यात नाव. मग मध्ये शेल येत नाही, आणि नाव अख्खंच्या अख्खं पोचतं.

दुसरी, दुसऱ्यानं टाइप केलेलं नाव शेलपर्यंत जाऊ देत नाही. अर्धविराम दिसला की शेलला वाटतं, पुढचा हुकूम सुरू झाला. एखादा खोडकर माणूस नावातच अर्धविराम देऊन भलताच हुकूम घुसवू शकतो!

तिसरी, पुसण्याआधी काय पुसलं जाणार ते नुसतं पडद्यावर छापून वाचतो.

आता मी बाजारालाही यादी घेऊनच जातो. आणि हो, तुमच्या घरच्या फोटोंची दुसरी प्रत आहे ना? आजच आई-बाबांना विचारा पाहू!