पंधरा एप्रिलपूर्वी

पुणे, मार्च २०२६

प्रिय मुक्ता,

तुझा मेल मिळाला. अमेरिकेतल्या तीन विद्यापीठांनी पीएच.डी.साठी होकार दिलाय, चौथ्याच्या वेटलिस्टवर तुझं नाव आहे, बंगळुरूच्या संस्थेचा निकाल यायचाय आणि आणखी एका ठिकाणाहून काहीच कळत नाही. ‘कुठे जाऊ?’ असं तू विचारलंस. याचं एका नावात उत्तर मी देणार नाही. जीवशास्त्रातल्या प्रयोगशाळा मला तुझ्याइतक्या ठाऊक नाहीत. पण तू ज्या पद्धतीने तुलना केली आहेस तिच्याबद्दल मला सविस्तर लिहायचंय. तुझ्या तक्त्यात पहिला रकाना रँकिंगचा आहे, आणि स्टायपेंड, गाइड, किती वर्षांचं फंडिंग हे सगळं शेवटच्या ‘इतर’ या रकान्यात कोंबलेलं आहे. मला वाटतं तो तक्ता उलटा करायला हवा. प्रवेशाचं पत्र तू निकालासारखं वाचते आहेस. ते पाच-सहा वर्षांच्या कामाच्या करारासारखं वाच.

ही सवय तुझी एकटीची नाही. आपल्याकडे दहावीपासून प्रवेश म्हणजे निकालाचीच पुढची पायरी असते. टक्के, पर्सेंटाइल, कट-ऑफ, कॅप राउंड. जिथला कट-ऑफ सगळ्यांत वर, तिथे नंबर लागला की विचार संपला. पदवीपर्यंत या हिशेबात थोडंफार तथ्यही असतं, कारण अभ्यासक्रम ठरलेला, वर्षं ठरलेली, परीक्षा सगळ्यांना तीच. पीएच.डी.त यातलं काहीच ठरलेलं नसतं. विद्यापीठ तुला पगारासारखे पैसे देतं, बदल्यात तुझ्याकडून संशोधन आणि बहुधा शिकवण्याचं कामही घेतं. हे नातं कामाचं आहे, हे अमेरिकेने कायद्यानेही मान्य केलंय. कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात तिथल्या नॅशनल लेबर रिलेशन्स बोर्डाने ऑगस्ट २०१६ मध्ये निर्णय दिला, की खासगी विद्यापीठांतले टीचिंग आणि रिसर्च असिस्टंट हे कर्मचारीसुद्धा आहेत आणि त्यांना संघटना करता येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सगळ्या कॅम्पसमधल्या सुमारे ४८ हजार जणांनी संप केला. जवळजवळ सहा आठवड्यांनी तडजोड झाली, तेव्हा शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांचं नऊ महिन्यांचं किमान वेतन सुमारे २३ हजार डॉलरवरून टप्प्याटप्प्याने ३४ हजारांवर न्यायचं ठरलं. रँकिंगमध्ये ही विद्यापीठं संपाआधीही वर होती आणि नंतरही वरच राहिली. विद्यार्थ्यांच्या रोजच्या जगण्यात मात्र फरक पडला, आणि तो कराराने पाडला.

एकदा असं पाहिलं की वाट पाहण्याचा त्रासही थोडा कमी होतो, निदान त्याचा अर्थ बदलतो. ज्या विद्यापीठाने अजून उत्तर दिलेलं नाही ते तुला नाकारत आहे, असं तू लिहिलंस. एखादा विभाग किती जणांना घेतो हे पुष्कळदा त्या वर्षी किती जणांना पोसता येईल यावर ठरतं. काही जण नकार देतील हे धरून जागांपेक्षा जास्त ऑफर पाठवल्या जातात, आणि किती नकार आले ते पाहून वेटलिस्ट हलते. या गणितात तुझ्या बुद्धीचं मोजमाप फार थोडं आहे. मागच्या वर्षीचंच पाहा. अमेरिकी केंद्र सरकारच्या संशोधन-निधीत कपातीची टांगती तलवार आली आणि मॅसॅच्युसेट्समधल्या यूमास चॅन मेडिकल स्कूलने जीववैद्यक शाखेतल्या पीएच.डी.च्या दिलेल्या ऑफर मागे घेतल्या. ती मुलं फेब्रुवारीत लायक होती आणि मार्चमध्ये नालायक झाली, असं कोण म्हणेल?

आता १५ एप्रिलबद्दल. अमेरिकेतल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा एक ठराव आहे आणि बहुसंख्य मोठ्या विद्यापीठांनी तो मान्य केलेला आहे. आर्थिक साहाय्यासह आलेल्या ऑफरला १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याचं बंधन विद्यार्थ्यावर नाही. त्यामुळे ‘आठ दिवसांत कळवा’ असं ज्या विद्यापीठाने तुला लिहिलंय त्याचं नाव ठराव मानणाऱ्यांच्या यादीत आहे का ते बघ, आणि असेल तर नम्रपणे त्या तारखेची आठवण करून दे. मात्र हा वेळ तुला प्रश्न विचारण्यासाठी दिलेला आहे, ऑफर साठवण्यासाठी नाही. गेटनंतर आयआयटीत एम.टेक.ला जाणाऱ्या तुझ्या मित्रांना कोॲप पोर्टलवर ‘रिटेन अँड वेट’ करता येतं, पण एका वेळी एकच जागा धरून ठेवता येते. दुसरी घेतली की पहिली आपोआप सुटते. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये अशाच वाटपाचा विचार मांडला होता: होकार तात्पुरता ठेवायचा, चांगलं काही आलं की आधीचं सोडायचं, आणि हातात कधीच एकाहून जास्त ठेवायचं नाही. पीएच.डी.साठी अमेरिकेत असं सामायिक पोर्टल नाही, म्हणून ते काम प्रत्येकाच्या विवेकावर सोडलेलं आहे. तू जशी एका वेटलिस्टवर ताटकळत आहेस, तसंच तिसऱ्या विद्यापीठाच्या वेटलिस्टवर कुणीतरी तुझ्यामुळे ताटकळत आहे. ‘तिथे जाणार नाहीच’ हे तूच लिहिलंयस, तर आज नकार कळव.

यावर तू म्हणशील, यूमाससारखं आपल्या बाबतीत झालं तर? हा आक्षेप खरा आहे आणि सध्याच्या काळात तर फारच खरा आहे. म्हणून दोन ऑफर प्रश्नांची उत्तरं येईपर्यंत ठेव. त्यात गैर काही नाही. पण जी आपण कुठल्याही परिस्थितीत घेणार नाही ती ऑफर संकटातही उपयोगी पडत नाही. आणि करार म्हणून वाचण्याची गरज या अनिश्चिततेमुळे वाढतेच. दोन्ही विद्यापीठांना सरळ विचार: माझे पैसे विभागाच्या निधीतून येणार, फेलोशिपमधून, की एखाद्या प्राध्यापकाच्या ग्रँटमधून? ती ग्रँट मधेच थांबली तर जबाबदारी कोण घेणार? ‘पाच वर्षं साहाय्य अपेक्षित आहे’ आणि ‘पाच वर्षं साहाय्याची हमी आहे’ ही दोन वाक्यं सारखी नाहीत, आणि तुझ्या दोन पत्रांमध्ये नेमका हाच फरक आहे. घर भाड्याने घेताना अकरा महिन्यांच्या करारातलं कलमन् कलम आपण वाचतो; इथे तर पाच वर्षांचा प्रश्न आहे.

स्टायपेंडचा आकडा रुपयांत बदलून पाहू नकोस, त्याने डोळे दिपतात आणि काहीच कळत नाही. तो आकडा नऊ महिन्यांचा आहे की बारा, ते आधी पाहा. नऊ महिन्यांचा असेल तर उन्हाळ्यात काय, ते विचार. ट्यूशन माफ असली तरी पुष्कळ विद्यापीठं वेगळी ‘फी’ लावतात, ती किती? आरोग्यविम्याचा हप्ता कोण भरणार? त्या गावात एका खोलीचं भाडं किती आणि बसने लॅबला पोचता येतं का? या गोष्टी तुझ्यासाठी अमेरिकन विद्यार्थ्यापेक्षा जास्त महत्त्वाच्या आहेत, कारण एफ-वन व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवरही आठवड्याला वीसच तास काम करता येतं, आणि ते तास असिस्टंटशिपमध्येच संपतात. तूट पडली तर बाहेर काम करून ती भरून काढण्याचा रस्ता जवळजवळ बंदच असतो. बंगळुरूची संस्था या मोजपट्टीवर वाटते तितकी मागे नाही. आपल्याकडची संशोधनाची फेलोशिप, जेआरएफ, १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार झाली, दोन वर्षांनंतर ४२ हजार. वसतिगृह मिळालं तर त्या शहरात यावर नीट राहता येतं, आणि व्हिसाची टांगती काळजी नाही. त्या संस्थेचा निकाल १५ एप्रिलनंतर येणार असेल तर ते आताच विचारून घे. त्या तारखेनंतर कायम ठेवलेला होकार पाळायचा, असा संकेत आहे.

पैशांचा एवढा काथ्याकूट ज्ञानाच्या मागे निघालेल्या मुलीला शोभतो का, असं कुणी म्हणेल. घरातही म्हणतील. माझं उत्तर असं, की सुरू केलेली पीएच.डी. पुरी होईलच हे आपण फार सहज गृहीत धरतो. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्याच २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दहा वर्षांनंतरही पदवी पुरी केलेले विद्यार्थी सुमारे ५७ टक्केच होते. जीवशास्त्राच्या शाखांत ६३, मानव्यविद्यांत ४९. सोडणारे सगळे पैशांमुळे सोडतात असं मी म्हणत नाही. काहींना चांगली नोकरी मिळते, काहींना विषय नकोसा होतो. पण निवडून घेतलेल्या, हुशार मुलांमधले इतके जण मधेच थांबत असतील, तर कुठल्या परिस्थितीत काम करायचं हा प्रश्न ज्ञानाच्या बाहेरचा कसा म्हणता येईल?

त्या परिस्थितीतला सगळ्यांत मोठा भाग म्हणजे गाइड. ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त २०१८ मध्ये २६ देशांतल्या २,२७९ विद्यार्थ्यांची एक पाहणी आली होती. ज्यांच्यात चिंता किंवा नैराश्याची लक्षणं दिसली, त्यांच्यातल्या साधारण निम्म्या जणांना आपला गाइड खरं मार्गदर्शन करतो असं वाटत नव्हतं. पाहणीत लोक आपणहून सामील झाले होते, म्हणून तिचे आकडे सगळ्या जगाला लावणं बरोबर नाही. पण दिशा स्पष्ट आहे. तुझ्या विषयात पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये रोटेशन करून मग गाइड ठरतो. याचा अर्थ एका प्रसिद्ध नावासाठी विद्यापीठ निवडू नकोस. जिथे तुला काम करावंसं वाटेल अशा किमान तीन लॅब आहेत, आणि त्यांच्याकडे नवीन विद्यार्थी घेण्याइतके पैसे आहेत, ती जागा धर. पत्रात नसलेली कलमं तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतात: पदवीला प्रत्यक्षात किती वर्षं लागतात, पेपरवर पहिलं नाव कुणाचं जातं, लॅब सोडून गेलेले का गेले. मोठ्या माणसांबद्दल मागे असं विचारणं तुला जड जातंय, हे मला समजतं. आपल्या घरात तसं वळण नाही. पण विभाग स्वतःच उमेदवारांची विद्यार्थ्यांशी गाठ घालून देतात आणि त्या वेळी प्राध्यापक बाजूला होतात. ते याचसाठी.

आता तुझा मुख्य मुद्दा: नावाला किंमत असते. असते, आणि ती मी कमी करून सांगणार नाही. ॲरन क्लॉसेट आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कॉम्प्युटर सायन्स, बिझनेस आणि इतिहास या विभागांतले जवळजवळ १९ हजार प्राध्यापक कुठून आले ते तपासलं. एक चतुर्थांश संस्थांमधून ७१ ते ८६ टक्के प्राध्यापक आले होते, आणि स्वतःच्या पीएच.डी.च्या संस्थेपेक्षा वरच्या संस्थेत नोकरी मिळालेले होते फक्त ९ ते १४ टक्के. हे वाचून कुणालाही पहिल्या नंबरच्या विद्यापीठाकडे धाव घ्यावीशी वाटेल. पण जरा थांबून पाहा. या मोजणीत प्राध्यापक झालेलेच आहेत. त्याच नामवंत संस्थांतून मधेच निघून गेलेले किंवा दुसरीकडे वळलेले त्यात दिसत नाहीत. नामवंत संस्था आधीच तयार विद्यार्थी निवडतात, त्यामुळे यश किती नावाचं आणि किती विद्यार्थ्याचं हे या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. शिवाय जीवशास्त्रात पीएच.डी. आणि प्राध्यापकी यांच्या मधे पोस्टडॉकची वर्षं असतात, आणि पोस्टडॉक मिळतो तो केलेल्या कामावर आणि गाइडच्या पत्रावर. तुझ्या दोन विद्यापीठांमध्ये रँकिंगचं अंतर मोठं असतं, एक पहिल्या दहात आणि दुसरं दीडशेच्या पुढे, तर मीही नावाला जास्त वजन दिलं असतं. इथे अंतर आहे बारा-पंधरा जागांचं, तेही संपूर्ण विद्यापीठाचं. तुझ्या विभागाचा क्रम कदाचित उलटाही असेल. एवढ्या फरकासाठी लेखी हमी सोडून ‘अपेक्षित’ या शब्दावर पाच वर्षं लावायची, हे मला पटत नाही. मोठ्या नावाच्या विद्यापीठाने तीच हमी लेखी दिली आणि तिथे तुला आवडणाऱ्या तीन लॅब निघाल्या, तर खुशाल तिथे जा. मग माझा काहीच आक्षेप नाही.

विद्यार्थ्यांशी बोलणं बहुधा पुढच्या आठवड्यात होईल. प्रश्न आधी लिहून ठेव, दोन्हीकडे तेच विचार, उत्तरं त्याच दिवशी टिपून घे. पैशांबद्दलची उत्तरं विभागाकडून ईमेलवर माग. तिसऱ्या विद्यापीठाला नकार लिहिताना आभार मान, कारणांची यादी देऊ नकोस. तीच माणसं पुढे तुझे पेपर तपासतील, परिषदांत भेटतील. आणि तुझ्या आईला रँकिंगचा तक्ता दाखवण्यापेक्षा ती दोन पत्रं वाचायला दे. तिची सगळी नोकरी बँकेत कर्जाचे करार तपासण्यात गेली, तुला न सुचलेले दोन-चार प्रश्न ती नक्की काढेल. उत्तरं आली की मला फोन कर.

तुझी,
मावशी