चौकटीतला कासरा

भद्रावतीहून मुधोलीमार्गे मोहर्लीकडे जाणाऱ्या मोटारींत हल्ली माणसांपेक्षा लेन्सनाच जास्त जागा लागते. ताडोबाच्या वाघाने आमच्याकडच्या छायाचित्रकारांना थांबण्याची शिस्त लावली, तशी एक खोडही लावली. प्राण्याच्या मागचे सगळे पुसून टाकायचे. लेन्स लांब घ्या, अपर्चर पूर्ण उघडा, की मागची बांबूची रांजी हिरव्या धुक्यात विरून जाते आणि वाघ एकटा उरतो. रस्ता नाही, पाणवठ्यावरचा सौरपंप नाही, समोरच्या सहा गाड्या तर नाहीतच. असे फोटो मीही काढतो, ते खपतातही. वाघाला हे चालून जाते. गिधाडाला मात्र चालत नाही, या मतावर मी एका जुन्या कोठ्यात येऊन ठेपलो.

कोठा म्हणजे आमच्याकडे जनावरांचा गोठा. हा मालगुजारीच्या काळातला होता. मालगुजारी गेली १९५१ साली. वाडाही पडला, पण मागचा कोठा तग धरून होता. हातभर रुंदीच्या विटांच्या भिंती, सागाच्या मयाली, वर कवेलू. निम्मे छप्पर खाली आलेले. आताच्या मालकांनी, म्हणजे काकाजींनी, बैलजोडी विकून ट्रॅक्टर घेतल्यापासून आत कोणी फिरकत नव्हते. तिथे गव्हाणी घुबड राहते असे कळले म्हणून मी गेलो होतो. मार्च सरत आला होता, बांधावरच्या मोहाखाली फुलांचा सडा होता.

"घुबड दिवसा का दिसन जी?" काकाजी म्हणाले. "आत थे पांढरे पाखरं हायेत फक्त. दरसाल येतेत."

पांढरी पाखरे म्हणजे बगळे असतील असे धरून मी दारात उभा राहिलो. डोळे अंधाराला सरावले तेव्हा मयालीवर दिसला तो पिवळाधमक चेहरा. मानेवर विस्कटलेली पिसे, बारीक लांब चोच. पांढरे गिधाड; इंग्रजी पुस्तके ज्याला इजिप्तचे म्हणतात ते. भिंतीच्या माथ्यावर, वासे टेकतात त्या खाचेत, काटक्यांचा ढीग होता आणि त्यातून दुसऱ्या पक्ष्याचे डोके वर आले.

पांढरी गिधाडे आमच्याकडे अधूनमधून दिसतात, पण आभाळात किंवा गावाबाहेरच्या उकिरड्यावर. ही जात कड्यांच्या कपारीत, मोठ्या झाडांवर आणि पडक्या इमारतींत घरटे करते हे मला वाचून माहीत होते. पण वाचलेले ऐनवेळी आठवत नाही. मी नुसता पाहत राहिलो.

मग धंद्याच्या अडचणी सुरू झाल्या. मोठ्या लेन्सला फोकस धरायला काही मीटर अंतर लागते. दारातून ते मिळत होते, पण चौकटीत फक्त डोके आणि खांदा मावत होता, आणि मागे जावे तर दाराची चौकट आड येत होती. बॅगेत दुसरी एकच लेन्स होती, साधी पन्नास मिलिमीटरची, जी मी माणसांच्या फोटोंसाठी ठेवतो. ती लावली आणि पक्षी एकदम लहान झाला. सभोवती सगळा कोठा आला. खुंटीला टांगलेले जू, त्याच्यावर लोंबणारा कासरा, खाली गव्हाण, गव्हाणीच्या काठावर विष्ठेचे पांढरे ओघळ, कोपऱ्यात कुजलेली तणस.

प्रकाशाचे गणितही उलटे. अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याचा मीटर अंधारच मोजतो आणि चित्र उजळ करायला जातो. त्यात पांढरा पक्षी जळून कागदासारखा कोरा होतो. म्हणून एक्सपोजर दीड स्टॉप खाली ओढले. फुटलेल्या कवेलूंमधून उन्हाची एक पट्टी मयालीवर येत होती. ती पक्ष्याच्या छातीला लागेल तेव्हाच बटण दाबायचे, बाकीचा कोठा काळोखात जेवढा दिसेल तेवढा दिसू द्यायचा. आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर ठेवले. फ्लॅश बॅगेतच राहिला. घरट्यावर फ्लॅश मारणाऱ्या माणसाने हा छंद सोडून लग्नाचे फोटो काढावेत, निदान तिथे जेवण मिळते.

थोड्या वेळाने मयालीवरचा पक्षी छपराच्या भगदाडातून बाहेर गेला आणि परत आला तो चोचीत चिंधी घेऊन. आत येईना, भिंतीच्या तुटक्या कडेवर बसून माझ्याकडे पाहू लागला. एवढे पुरे असते. पक्षी घरट्यावर यायला कचरतो आहे म्हणजे आपली वेळ संपली. मी काकाजींना खूण केली आणि आम्ही बाहेर पडलो. वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्याची अंडी किंवा घरटे यांना त्रास देणे शिकारीच्याच व्याख्येत येते. पण कायदा नसता तरी बाहेरच पडायचे होते. या जातीची मादी साधारण दोन अंडी घालते, नर-मादी दोघे मिळून सहा आठवडे उबवतात आणि पिल्लू उडायला पुढे अडीच महिने घेते. पिल्लू उडेपर्यंत तिकडे जायचे नाही असे काकाजींशी ठरले.

घरी फोटो मोठा करून पाहिला तेव्हा त्या चिंधीचे मोल कळले. घरट्यात काटक्यांबरोबर लुगड्याच्या चिंध्या, जनावरांचे केस आणि उसवलेल्या कासऱ्याचे धागे होते. खालच्या खुंटीवर लटकणाऱ्या त्याच सुताचे. पांढरे गिधाड घरट्याला असे अस्तर घालते ही नोंद जुनीच आहे, पण कच्चा माल आणि घरटे एका चौकटीत मला प्रथमच मिळाले. आणि तो चेहरा? त्याचा पिवळा रंग कॅरोटिनॉइडचा, आणि गिधाड तो गुराढोरांचे शेण खाऊन मिळवते, असे स्पेनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले. म्हणजे घर कोठ्यात, अस्तर कासऱ्याचे, चेहऱ्याचा रंगही शेणातला.

मरणही तिथलेच. दुखऱ्या बैलाला टोचलेले डायक्लोफेनॅक त्याच्या मांसात उरते आणि गिधाडाची मूत्रपिंडे निकामी करते, हे लिंडसे ओक्स यांच्या पथकाने पाकिस्तानात शोधले. २००४ मध्ये ते 'नेचर'मध्ये छापून आले. तोवर फार उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक या हिशेबाने उरली. पांढरे गिधाडही घटले आणि २००७ पासून ते जागतिक पातळीवर धोक्यातल्या जातींत मोजले जाते. गडचिरोलीत वनविभागाने गिधाडांसाठी उपाहारगृहे चालवली, म्हणजे औषधाचा अंश नसलेली मेलेली ढोरे ठरलेल्या जागी टाकायची व्यवस्था केली. २०२४ च्या जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून वीस गिधाडे पेंच आणि ताडोबात आणली. त्यातले ताडोबात सोडलेले एक तर पाठीवर जीपीएस घेऊन तमिळनाडूपर्यंत गेले.

हे जीपीएस आमच्या काही मंडळींना खुपते. 'फ्रेम बिघडते' म्हणून संगणकावर ते पुसून फोटो टाकणारे मी पाहिले आहेत. माझ्या कोठ्याच्या फोटोलाही एका स्पर्धेच्या परीक्षकाने सल्ला दिला की मागे पसारा फार आहे, पक्षी कापून मोठा करा. मी फोटोच मागे घेतला. ओरछाच्या छत्र्यांवरची लांब चोचीची गिधाडे टिपताना कोणी छत्री कापत नाही, कारण ती देखणी आहे. कोठा देखणा नाही, एवढाच त्याचा गुन्हा. वाघाच्या मागचे पुसले तरी वाघ कळतो, कारण जंगल आपण मनात धरलेलेच असते. गिधाडाच्या मागचे ढोर, दोर आणि माणूस पुसला तर उरतो एक टकला, भेसूर पक्षी, आणि लोक वर्षानुवर्षे तोच पाहून नाक मुरडत आले.

काकाजींना मी तो फोटो मोठा छापून दिला. त्यांनी पक्ष्याकडे फारसे पाहिले नाही. "आमचं जू हाय हे," म्हणाले, आणि कोणत्या जोडीचे ते सांगू लागले. परीक्षकापेक्षा त्यांनी फोटो नीट वाचला, असे मी मानतो.

गाव सांगितले नाही, कोणी विचारले तरी सांगणार नाही. एवढे मात्र सांगतो. तुमच्या जनावराला दुखण्यावर इंजेक्शन देताना बाटली हातात घेऊन नाव वाचा. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासून आणि असेक्लोफेनॅक व किटोप्रोफेनवर २०२३ पासून बंदी आहे. गिधाडांना सुरक्षित असलेले मेलॉक्सिकॅम मागा. जमिनीवर बसलेले, मान टाकलेले गिधाड दिसले तर फोटो नंतर, आधी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.