भांड्यावरचं नाव

होस्टेलच्या कुठल्याही खोलीत जा, कपाटात नाहीतर कॉटखाली स्टीलचा एक डबा सापडणारच. दिवाळीनंतर त्यात चिवडा-चकल्या असतात, परीक्षेच्या दिवसांत नुसता त्यांचा वास. डबा ज्याचा असतो, त्याचं नाव मात्र त्यावर नसतं. असतं ते आईचं, आजीचं, नाहीतर एखाद्या मावशीचं. आमच्या मजल्यावर एका डब्यावर 'मामाकडून सप्रेम भेट' आहे. हे मामा कोणाचे, ते डब्याच्या मालकिणीलाही सांगता येत नाही. डबा मात्र सुखाने नांदतोय!

भांड्यांवर नाव घालायची पद्धत इतकी अंगवळणी पडलीय, की त्यात बघण्यासारखं काही असेल असं वाटतच नाही. एकदा नीट बघा. जुन्या भांड्यांवरची अक्षरं ठिपक्याठिपक्यांची असतात, ती हाताने ठोकलेली. पुढे विजेचं मशीन आलं. दुकानातला माणूस ते पेनासारखं धरून लिहितो आणि त्या कर्रर्र आवाजात गिऱ्हाईक ओरडून सांगतं, "अहो, आधी 'सौ.' घाला!" इलेक्ट्रिकलवाल्यांना यातली गंमत कळेल. आत एक कॉइल, ५० हर्ट्झचा एसी, दर सायकलला सुईचे दोन ठोके, म्हणजे मिनिटाला ६०००.

मग स्टीलवर एवढे ओरखडे काढले तरी त्या अक्षरांवर गंज का चढत नाही? स्टेनलेस स्टीलमध्ये निदान १०.५ टक्के क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचा एक अतिशय पातळ थर वर बसतो. तो ओरखडला गेला तरी आपोआप पुन्हा तयार होतो. पितळेचं तसं नाही. आंबट काही ठेवलं की कळकलंच. म्हणून कल्हई. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवायचं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे कोळशाची शेगडी आणि भाता एवढ्यावर काम भागायचं. घरोघरी स्टील आलं, कल्हईवाला दारावर येईनासा झाला आणि पितळ माळ्यावर गेलं. तिथून पुढचा मुक्काम मोड.

गेल्या वर्षी सुट्टीत आमच्या घरचा माळा आवरायला काढला. दोन हंडे, एक परात, एक तांब्या. आईने सगळं मोडीच्या ढिगात टाकलं. तांब्याच्या गळ्याशी ठिपक्यांत एक नाव होतं. नुसतंच नाव, पुढे आडनाव नाही. त्या नावाचं आमच्याकडे कोणीच नाही. "आला असेल कुणाचा तरी चुकून," आई म्हणाली. बाबांना दाखवला. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आईचं माहेरचं नाव आहे ते."

आजीचं नाव मला ठाऊक होतं. रेशनकार्डावरचं, मतदारयादीतलं, भिंतीवरच्या फोटोखालचं. पण ते सासरी ठेवलेलं. ताटात तांदूळ पसरायचे, त्यात अंगठीने नव्या नवरीचं नवं नाव लिहायचं, सगळ्यांना पेढे वाटायचे. तांदूळ त्याच दिवशी आवरले जातात, पण त्यातलं नाव आजीला जन्मभर पुरलं. आणि तिच्या आईवडिलांनी पितळेवर ठोकून दिलेलं नाव माळ्यावर पडून राहिलं. लग्न होईपर्यंत ती त्याच हाकेला 'ओ' देत असणार. तशी हाक मारणारं आता कोणीही उरलेलं नाही.

मोडवाला वजनाचे पैसे देतो, नावाचे नाही. आईचंही चुकीचं नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात काय काय जपायचं? शिवाय मोडीच्या पैशांत नवा कुकर यायचा होता. शेवटी हंडे आणि परात गेली, तांब्या तेवढा राहिला.

संध्याकाळी मी आईला विचारलं, "तुझं गं माहेरचं नाव काय?"

"हेच. माझं बदललं नाही."

"बाबांनी सांगितलं का तसं?"

"छे! ताटात तांदूळ मांडून झाले होते. तुझ्या आजीनेच सांगितलं, आहे तेच नाव लिहा. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही."

एवढं बोलून आई कणीक मळायला लागली. मी बराच वेळ तो तांब्या चिंचेने घासत बसले.

असो. दिवाळीत घरी गेलात की एकदा माळ्यावर चढा. एखादं अनोळखी नाव सापडलं, तर ते कोणाचं हे सांगणारं माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या.