डोळ्यांवर पहारा

माझे अब्बा ट्रक चालवत. मालेगावच्या यंत्रमागांवर विणलेल्या कापडाच्या गाठी ते भिवंडीला पोहोचवत. संध्याकाळी गाठी भरल्या जात आणि रात्री ट्रक मुंबई-आग्रा रस्त्याला लागे. 1988 साली उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो. तेव्हा मी तुमच्याएवढा होतो.

निघताना अम्मीने मला बाजूला घेतले. ती म्हणाली, "अब्बांशी बोलत राहा. त्यांना डुलकी लागू देऊ नकोस."

नाशिक मागे पडेपर्यंत मी बोलत राहिलो. शाळेतल्या गमती सांगितल्या, पाढे म्हटले. मग माझाच डोळा लागला. जाग आली ती क्लीनरच्या ओरडण्याने. "उस्ताद! उस्ताद!" अब्बांनी करकचून ब्रेक दाबला. ट्रक रस्ता सोडून मातीत उतरला होता. पुढे दहा पावलांवर नाला होता. अब्बा खाली उतरले. त्यांनी तोंडावर पाणी मारले आणि मला म्हणाले, "घरी सांगू नकोस."

मी सांगितले नाही. आज प्रथमच तुम्हांला सांगत आहे.

आता एक हिशेब करा. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. म्हणजे तीन सेकंदांच्या डुलकीत ट्रक 50 मीटर धावतो आणि चालवणाऱ्याला काहीच दिसत नाही. 2022 या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे मरण पावली. या अपघातांची कारणे अनेक आहेत. झोप हे त्यांतले एक.

आज माझा भाचा ट्रक चालवतो. त्याच्यासमोर काचेजवळ एक लहानसा कॅमेरा बसवला आहे. मी विचारले, "हा रस्ता बघतो का रे?" तो हसून म्हणाला, "नाही मामू, हा मला बघतो."

या कॅमेऱ्यामागे कृत्रिम बुद्धिमत्ता काम करते. उर्दूत आपण तिला 'मसनूई जहानत' म्हणतो. उघड्या, मिटलेल्या आणि पेंगुळलेल्या डोळ्यांची हजारो चित्रे दाखवून यंत्राला त्यांच्यातला फरक शिकवलेला असतो. अंधारातही त्याला चेहरा दिसतो, कारण आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश तो वापरतो. पापण्या जरा जास्त वेळ मिटल्या, मान खाली झुकली, की लगेच भोंगा वाजतो.

अशी यंत्रे आता आणखीही कामे करतात. नागपुरात 2021 साली 'आय-रास्ते' नावाचा प्रकल्प सुरू झाला. शहराच्या बसगाड्यांवर कॅमेरे बसवले गेले. पुढचे वाहन फार जवळ आले, की ते चालकाला सावध करत. असे इशारे पुन्हा पुन्हा कोठे मिळतात, यावरून अपघात होण्याआधीच धोक्याच्या जागा शोधता येतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2024 पासून कॅमेरेच वेग मोडणाऱ्या गाड्या टिपू लागले.

मी भाच्याला विचारले, "कोणी सारखे डोळ्यांकडे बघत असले, तर राग येत नाही?"

"आधी यायचा," तो म्हणाला. "एकदा शहापूरजवळ भोंगा वाजला. थांबलो, चहा घेतला, पुन्हा निघालो. अर्ध्या तासात पुन्हा वाजला. मालकांना फोन केला, की दोन तास झोपतो. ते म्हणाले, माल सकाळी पोहोचलाच पाहिजे."

"मग?"

"मग काय, झोपलो. उशीर झाला म्हणून पैसे कापले गेले."

भोंग्याची नोंद मालकांच्या मोबाइलवरही गेली होती. यंत्राने दोघांनाही एकच गोष्ट सांगितली होती. ऐकली मात्र एकानेच.

मित्रांनो, 1961 सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असा नियम घालून दिला होता. थकलेल्या माणसाला विश्रांती हवी, हे कळायला कॅमेऱ्याची गरज नव्हती. यंत्र माणसाला जागे करते, आणि त्याने पुष्कळ जीव वाचतील. पण झोपेची सवड यंत्र देऊ शकत नाही. ती माणसांनीच माणसाला द्यावी लागते.

मला ती रात्र अजून आठवते. अम्मी, क्लीनर आणि मी, आम्ही सगळे अब्बांना जागे ठेवण्याच्या धडपडीत होतो. "गाडी बाजूला घ्या आणि थोडे झोपा," असे आमच्यापैकी कोणीच म्हटले नाही.

तुमच्यापैकी कोणाचे अब्बा, भाऊ किंवा मामू रात्री गाडी चालवत असतील. सकाळी ते घरी येऊन झोपले, की दार हळूच लोटा आणि अंगणातला खेळ जरा दूर न्या. त्यांची ही झोप पुढच्या रात्री रस्त्यावर कोणाचा तरी जीव वाचवणार आहे.