विसाव्यापासून विसाव्यापर्यंत : दौंड-शिरूरची वाट

ज्येष्ठाच्या अखेरीस पुणे-सोलापूर रस्त्याने दौंड तालुक्यात जाण्याचा योग आला, तर यवतला अवश्य थांबा. देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी लोणी काळभोर मागे टाकून येथे मुक्कामाला येते आणि गावकरी वारकऱ्यांना पिठले-भाकरी वाढतात. त्या पंगतीतले चेहरे निरखून पाहा. साठी-सत्तरी ओलांडलेले कितीतरी जण जमिनीवर मांडी घालून बसलेले दिसतील आणि जेवण होताच गुडघ्यावर हात टेकून उठतानाही दिसतील. पुढचा मुक्काम वरवंड. त्यानंतर पाटसहून रोटी घाटाची चढण.

हे बळ कोठून येते, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मलाही पडला होता, कारण त्या वर्षी माझी आई घरात बसून होती. पंचाहत्तरीत ती न्हाणीघरात घसरली. हाड मोडले नाही. पण आम्ही भावंडे घाबरलो. ‘आई, तू बस, आम्ही आणून देतो,’ हे वाक्य घरात दिवसातून दहादा उच्चारले जाऊ लागले. सहा महिन्यांत ती खुर्चीवरून उठतानाही आधार मागू लागली. पडण्याने जे झाले नव्हते, ते आमच्या काळजीने झाले.

वयाबरोबर स्नायू झिजतात, आणि साठीनंतर ही झीज वेग घेते. वापर थांबला की मांड्यांची शक्ती पाहता पाहता ओसरते, तोल जातो, पुन्हा पडण्याची भीती वाढते आणि त्या भीतीने माणूस आणखी बसून राहतो. हे चक्र तोडायचे असेल, तर वारकऱ्याची चाल नीट समजून घ्या. तो धावत नाही. टाळाच्या ठेक्यावर, सोबत्यांच्या संगतीने, विसाव्यापासून विसाव्यापर्यंत चालतो. शिवाय त्यांतील बहुतेकांचे पाय वर्षभर शेताच्या बांधावर चाललेले असतात. वारीची तयारी एका दिवसात होत नाही.

आईला घेऊन आम्ही प्रथम शिरूर तालुक्यातील रांजणगावी गेलो. महागणपतीच्या प्रशस्त, सपाट प्रांगणात तिने माझा हात धरून एक फेरी घातली, मग पायरीवर विसावा घेतला, मग दुसरी फेरी. पुढे मोराची चिंचोली या गावी चिंचेच्या सावलीत सकाळी मोर पाहताना ती किती चालली, हे तिच्याही ध्यानात आले नाही. जे पाहण्याची ओढ आहे, तिकडे पाय आपोआप वळतात. आपल्या घरातील वृद्धांना ‘व्यायाम करा’ म्हणण्यापेक्षा ‘चला, पाहून येऊ’ म्हणून बघा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी, किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. घरी त्याचे रूप साधे आहे. दिवसातून दोन-तीनदा दहा-दहा मिनिटे चाला. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून, जमल्यास हातांचा आधार न घेता, पाच-दहा वेळा उठा-बसा. ओट्याला धरून क्षणभर एका पायावर उभे राहा. जवळ कुणीतरी असू द्या. न्हाणीघरात आधाराची दांडी बसवा, पायात न घसरणारी चप्पल हवी. छातीत दुखणे, दम लागणे किंवा चक्कर येणे असे काही जाणवले तर लगेच थांबा व डॉक्टरांना दाखवा. हृदयविकार, मधुमेह किंवा सांध्यांचा त्रास असल्यास आरंभीच त्यांचा सल्ला घ्या.

आहारातही यवतची पंगत आठवा. पिठले हरभऱ्याच्या डाळीचे. म्हणजे स्नायूंना लागणारी प्रथिने त्यात आली. म्हातारपणी अनेक घरांत चहा-बिस्किटांवर भूक मारली जाते. त्याऐवजी डाळ, मोडाची मटकी, दूध-दही, चालत असल्यास अंडे रोजच्या ताटात असावे. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

गेल्या वर्षी आम्ही दौंडहून भीमा ओलांडून सिद्धटेकला गेलो. तेथील देऊळ टेकडीला लागून असल्याने पूर्ण प्रदक्षिणेसाठी टेकडीलाच वळसा घालावा लागतो. ती वाट सुमारे पाच किलोमीटरांची. आईने ती पुरी केली नाही. थोडे चालून ती एका दगडावर बसली. मी सवयीने हात पुढे केला.

‘राहू दे,’ ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून स्वतःच उठली.

तारुण्य परत येत नाही. पण आपले आपण उठण्याचा हा मान जपता येतो. तुमच्या घरातील ज्येष्ठांनाही आज तो मिळू द्या. हात जवळ ठेवा, मात्र घाईने पुढे करू नका.