पाहिलेली, ऐकलेली आणि राहिलेली शहरे

गेल्या हिवाळ्यात जबलपूरहून एका वाचक-भगिनीचे पत्र आले. अक्षर नेटके, भाषा संयमी. परंतु मजकूर वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. आमच्या मासिकातील आग्ऱ्यावरचा लेख वाचून त्या घरची पाच माणसे नाताळच्या सुट्टीत आग्ऱ्याला गेली होती. वर्षभर महिन्याकाठी थोडे थोडे बाजूला टाकलेले पैसे या एका प्रवासात खर्ची पडले. धुक्यामुळे गाडी सात तास उशिरा पोहोचली. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून रांगेत उभे राहून सर्वजण आत गेले, तो समोर नुसती पांढरी भिंत. ती ताजमहालाची नव्हे, धुक्याची! धुके विरळ होईपर्यंत थांबावे, तर परतीच्या गाडीची वेळ झालेली. धाकट्या मुलाने स्टेशनवर विचारले, “आई, आपण ताजमहाल पाहिला का?” या प्रश्नाला काय उत्तर द्यावे हे आपणच सांगा, असे त्या भगिनीने लिहिले होते.

पत्राच्या शेवटी तिने तीन प्रश्न विचारले होते. तुम्हांला स्वतःला कोणते शहर आवडले? कोणत्या शहराचे कौतुक वाजवीपेक्षा अधिक होते? आणि न पाहिलेल्या शहरांपैकी कोठे जावेसे वाटते? उत्तर देताना छापील विशेषणे वापरू नयेत, अशी पुस्तीही जोडली होती.

तो आग्ऱ्याचा लेख मीच मराठीत आणला होता. ‘अवश्य पाहावे’ हे शब्द मूळ लेखात होते, म्हणून ते अनुवादात आले. ते कोणत्या महिन्यात पाहावे आणि गाठीशी किती दिवस असावेत, हे मूळ लेखात नव्हते. म्हणून ते अनुवादातही आले नाही. नोकरीची दहा वर्षे मी इतरांनी पाहिलेल्या शहरांची वर्णने मराठीत उतरवीत आले आहे. ‘नयनरम्य’, ‘विलोभनीय’, ‘भूतलावरील नंदनवन’ हे शब्द टपाल कचेरीतल्या शिक्क्यांसारखे माझ्या टेबलावर पडलेले असतात. पत्रातली पुस्ती मला लागली ती त्यामुळेच.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते मला सर्वांत ठाऊक आहे. दिल्लीत बिऱ्हाड असलेल्या मराठी माणसाला आग्रा टळत नाही. घरी पाहुणे आले की तिसऱ्या दिवशी आग्ऱ्याची सहल ठरलेलीच. २०१२ साली यमुना द्रुतगती मार्ग झाला आणि २०१६ पासून गतिमान एक्सप्रेस सुमारे शंभर मिनिटांत आग्ऱ्याला नेऊ लागली. तेव्हापासून तर ‘सकाळी जाऊन संध्याकाळी परत’ हा मंत्रच झाला आहे. अशा मी सात सहली केल्या. सातही वेळा आम्ही ताजमहालापुढे दोन तास होतो, संगमरवरी वस्तूंच्या दुकानात एक तास आणि पेठ्याच्या दुकानात अर्धा तास. हे दुकान-दर्शन आमच्या इच्छेने झाले असे नाही; मोटार तेथे आपोआप थांबत असे.

ताजमहालाविषयी माझी तक्रार नाही. तो जसा सांगतात तसाच आहे. परंतु त्याच्यापायी आग्रा नावाचे शहर कोणी पाहतच नाही, आणि जे पाहिलेच नाही त्याचे गुणगान मात्र चालू राहते. आमच्या पाहुण्यांचा दुसरा प्रश्न नेहमीचा: “महाराजांना कोठे ठेवले होते?” एकदा किल्ल्यातील एका वाटाड्याने मोठ्या आत्मविश्वासाने एका अंधाऱ्या खोलीकडे बोट दाखविले. पाहुण्यांनी तेथे हात जोडले, आणि मला गप्प राहवेना. १२ मे १६६६ रोजी शिवाजी महाराज बादशहाच्या दरबारात गेले हे खरे. परंतु पुढे त्यांच्यावर पहारा बसला तो किल्ल्यातल्या कोठडीत नव्हे. रामसिंहाच्या तळानजीक, शहराबाहेरच्या मुक्कामावर फुलादखानाची चौकी बसली होती, आणि ऑगस्टमध्ये महाराज निसटले तेही तेथूनच. किल्ल्यासमोर आज महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे; हात जोडायचे तर तेथे जोडावेत. हे मी सांगितले खरे, पण पाहुण्यांच्या चेहऱ्यावर खोली हिरावली गेल्याचे दुःखच अधिक दिसले.

याच आग्ऱ्यात जुन्या रोमन कॅथॉलिक दफनभूमीत तांबड्या दगडाचा एक लहानसा ताजमहाल आहे. तो जॉन हेसिंग नावाच्या डच सेनाधिकाऱ्याच्या कबरीवर त्याच्या पत्नीने उभारला. हा हेसिंग शिंद्यांच्या चाकरीत होता, आग्ऱ्याचा किल्ला त्याच्या ताब्यात होता, आणि १८०३ साली तेथेच तो वारला. पतीने पत्नीसाठी बांधलेली कबर पाहायला जग लोटते. पत्नीने पतीसाठी बांधलेल्या या कबरीपाशी आम्ही गेलो तेव्हा एका माळ्यावाचून कोणी नव्हते. नदीपलीकडे नूरजहानने आपल्या पित्यासाठी बांधविलेली इतिमाद-उद्-दौल्याची कबर आहे. तिच्या संगमरवरातील रंगीत जडावाचे काम ताजमहालाच्या आधीचे. सातव्या फेरीला, दोन दिवस मुक्काम केला तेव्हा कुठे मला ही दोन ठिकाणे दिसली.

म्हणून जबलपूरच्या भगिनीला माझे उत्तर असे की, एका दिवसाचे आग्रा हे फाजील कौतुकाचे शहर आहे. जायचेच तर दोन रात्रींची सोय करून फेब्रुवारीत किंवा नोव्हेंबरच्या आरंभी जावे. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्याशी आणि मे महिन्याच्या उन्हाशी पैज लावू नये. शुक्रवारी ताजमहाल बंद असतो, हेही लेखात राहून गेले होते.

याच यादीत मे-जूनमधील शिमला घालते, पण त्याविषयी फार लिहीत नाही. माल रोडवर खांद्याला खांदा लावून चालणे हा थंड हवेचा आनंद असेल, तर तो आपल्या गावच्या जत्रेतही मिळतो. २०१८ च्या उन्हाळ्यात तेथे पाण्याची इतकी टंचाई झाली की, पाहुण्यांनी सध्या येऊ नये असे रहिवासीच सांगू लागले. ज्या घरात प्यायला पाणी नाही त्या घरी आपण सहकुटुंब उतरतो आहोत, ही जाणीव कोणत्याही देखाव्याची गोडी घालवणारी आहे.

पाण्यावरून मी माझ्या आवडत्या शहराकडे वळते. त्याचे नाव ऐकून कोणी म्हणेल, हे काय आवडण्याचे शहर? भुसावळ-खंडवा मार्गावर, तापीच्या काठी असलेले बऱ्हाणपूर!

रावेरला सासरकडचे एक लग्न होते आणि परतीच्या आधी एक दिवस मोकळा पडला. सासूबाई म्हणाल्या, “इतक्या जवळ आलोय, तर बऱ्हाणपूर पाहूनच जाऊ.” यजमानांचा कल झोपेकडे होता. अखेर सासूबाई, मी आणि आमचे नऊ वर्षांचे चिरंजीव असे तिघेच निघालो. शहर पहिल्या दर्शनी मनात भरत नाही. धूळ आहे, अरुंद रस्ते आहेत, यंत्रमागांची खटखट दिवसभर कानावर येते. उतरण्याची व्यवस्था बेताची. हे आधीच सांगते, म्हणजे पुन्हा कोणाचे पत्र येणार नाही.

परंतु शहराबाहेर कुंडी भंडारा आहे. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानान सुभेदार असताना, सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरणारे पाणी अडवून ते भुयारी कालव्याने शहरात आणण्याची योजना येथे झाली. वरून पाहिले तर माळावर एका ओळीत विहिरींसारखी गोल तोंडे दिसतात. अशा शंभराहून अधिक कुंड्या आहेत. त्या सर्व खाली एका बोगद्याने जोडलेल्या आहेत. बोगद्याला शहराच्या बाजूने उतार आहे. त्यामुळे पंप नाही, मोट नाही, पाणी आपल्या पायांनी चालत शहरात येते. आम्ही गेलो तेव्हा पाळण्याने सुमारे ऐंशी फूट खाली उतरता आले. बाहेर ऊन रणरणत होते. आत गारवा, पायाशी वाहते पाणी आणि भिंतींवर चुनखडीचे पांढरे थर. पुढच्या कुंडीतून उजेडाचा एक गोल कवडसा पाण्यावर पडला होता. चिरंजीवांनी बोलणे बंद केले, ही आमच्या घरातील दुर्मीळ घटना होय.

तेथून जामा मशिदीत गेलो. ही फारुकी सुलतान आदिलशहाने १५९० च्या सुमारास पुरी केली. तेथील एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांला आतल्या भिंतीवरचा लेख दाखविला. अरबी लेखाबरोबर तेथे संस्कृत लेखही कोरलेला आहे. फारुकी राजांची वंशावळ आणि मशिदीच्या उभारणीचा काळ त्यात दिला आहे. अनुवादाची चाकरी करणाऱ्या बाईला याहून मोठे दर्शन कोणते? सव्वाचारशे वर्षांपूर्वी कोणी तरी असा विचार केला की, आपल्या गावात दोन प्रकारची माणसे वाचणारी आहेत, तेव्हा मजकूर दोन्ही भाषांत असावा. ते काम करणाऱ्या पंडिताला तारखेची घाई होती की नाही, कोण जाणे. सासूबाई मान उंच करून बराच वेळ अक्षरे लावीत उभ्या होत्या. काही लागली, काही नाही. “अक्षर वळणदार आहे हो,” एवढेच त्या म्हणाल्या.

संध्याकाळी तापीपलीकडे आहूखान्याकडे गेलो. १६३१ च्या जूनमध्ये मुमताजमहल बऱ्हाणपुरातच बाळंतपणात वारली. ते तिचे चौदावे अपत्य. तिला प्रथम नदीपलीकडच्या या बागेत पुरले, आणि सुमारे सहा महिन्यांनी तिचा देह आग्ऱ्याला नेला. ताजमहाल मुळात येथेच व्हायचा होता, असे गावकरी सांगतात; दंतकथा म्हणूनच ती ऐकावी. आज तेथे पडक्या भिंती आहेत, गवत आहे. रांग नाही, दुकान नाही. सात वेळा आग्ऱ्याला जाऊनही मला ती बाई आठवली नव्हती. आठवला तो संगमरवर. चौदा बाळंतपणे म्हणजे काय, हे त्या गवतात उभे राहिल्यावर प्रथम मनात आले. सासूबाईंनी कोणाला न विचारता शेजारच्या झुडपाची दोन फुले तोडून भिंतीपाशी ठेवली.

रात्री गाडीपूर्वी माव्याची जिलबी खाल्ली. ती काळसर, जाडजूड आणि भलतीच गोड असते. सासूबाईंना साखरेचा विकार आहे. त्यांनी अर्धीच खाल्ली आणि उरलेल्या अर्धीकडे स्टेशन येईपर्यंत पाहत राहिल्या.

आता तिसरा प्रश्न. मला तंजावरला जायचे आहे, आणि हे स्वप्न माझे एकटीचे नाही.

सासूबाईंचे वडील गावचे कुलकर्णी. त्यांनी लेकीला लहानपणीच मोडी शिकविली. पुढे मोडी शाळांतून गेली, दप्तरांतून गेली. सासूबाईंच्या बोटांतून मात्र गेली नाही. वाण्याची यादी त्या आजही मोडीत लिहितात आणि दिल्लीतला आमचा वाणी ती कपाळाला हात लावून परत देतो. एका अनुवादाच्या निमित्ताने मी त्यांना सांगितले की, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू पोथ्यांबरोबर मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रांचा मोठा साठा आहे. व्यंकोजीराजांपासून तेथे भोसल्यांचे राज्य होते. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत १८४३ साली नाटक केले, त्याच्या दीडशे वर्षे आधी तंजावरच्या शाहराजांनी मराठीत नाटके लिहिली होती. आणि राजराज चोळाने १०१० साली पुऱ्या केलेल्या बृहदीश्वराच्या मंदिरात, सरफोजीराजांच्या आज्ञेवरून १८०३ साली भोसले कुळाचा सगळा इतिहास मराठीत दगडावर कोरलेला आहे. तमिळ देशात, चोळांच्या देवळात, भिंतीभर मराठी!

सासूबाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “इथे माझं अक्षर वाचणारं कुणी नाही. तिथे तरी असेल.”

आजवर जाणे झाले नाही, याची कारणे प्रत्येक घरात असतात तीच आहेत. दिल्लीहून दोन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर. मुलांची सुट्टी मे महिन्यात आणि तंजावरचे ऊनही मे महिन्यात. माझी रजा अंकाच्या तारखांनी बांधलेली. दर वर्षी आम्ही ‘पुढच्या वर्षी’ म्हणत आलो. त्या अवधीत सासूबाईंना अठ्ठ्याहत्तरावे लागले. मागल्या दिवाळीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की, उजव्या डोळ्याची दृष्टी आता परत यायची नाही, डावा सांभाळावा.

त्या दिवशी घरी आल्यावर मी आग्ऱ्याच्या आठव्या सहलीसाठी ठेवलेले पैसे काढले. येत्या जानेवारीच्या अखेरीस, पोंगलची गर्दी ओसरल्यावर, आम्ही तिघे आधी चेन्नईला आणि तेथून रात्रीच्या गाडीने तंजावरला जाणार आहोत. यजमान या खेपेस झोपेचे निमित्त काढणार नाहीत. ते मुलाला सांभाळायला मागे राहतील, की मुलगाही येईल, यावर अजून घरात वाद चालू आहे. ग्रंथालयात कागद हाताळू देतील की काचेआडूनच पाहावे लागतील, हे विचारणारे पत्र मी पाठविले आहे. सासूबाईंनी त्याच्या उत्तराची वाट पाहिली नाही. वडिलांचे पितळी मुठीचे भिंग त्यांनी चिंचेने घासून लख्ख केले, फडक्यात गुंडाळले आणि प्रवासाच्या पिशवीत सर्वांत वर ठेवून दिले आहे.